मेव्हण्याचा ‘वा’

एझ्रा आवासकर सरांना या जगाकडून फार काही नको होतं. बंगला नको, गाडी नको, सत्कार तर नकोच नको. आता कोणी शाल घेऊन दारात उभंच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांना पाहिजे होता फक्त एक ‘वा’. आणि तोही ऐऱ्यागैऱ्याचा नाही. बायकोच्या मोठ्या भावाचा, ठाण्याच्या हन्नोकदादा चेऊलकरांचा.

हन्नोकदादा तिकडे सिनेगॉगमध्ये हजान, म्हणजे सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणणारे. आवाज असा, की झोपलेला माणूसही उठून टोपी शोधायला लागतो. आणि कान त्या आवाजाहून तिखट. एझ्रासरांच्या लग्नात त्यांनी तो कान पहिल्यांदा चालवला. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू मंडळींत नवरी मंडपात येताना नवरदेवाने गायची रीत आहे. सर गायले, जीव तोडून गायले. गाणं संपल्यावर हन्नोकदादा भर मांडवात बहिणीला म्हणाले, “रिवका, नवरा बरा आहे तुझा. पण नागपूरचा दिसतो. मघापासून ‘मले, तुले, त्याले’ चाललंय. सारखं ले-ले काय? कोण काय देतंय याला?”

मांडव हसला. नवरीही हसली. तिथून जी आग लागली ती विझलीच नाही. त्यानंतर हन्नोकदादा जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा तेव्हा सरांनी त्यांच्यापुढे पेटी ओढून गाणं म्हटलं. आणि दादांनी प्रत्येक वेळी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, डोळे उघडले, आणि विचारलं, “जेवायला काय आहे?”

आज शुक्रवार, आणि आज दादा नागपूरला, नंदनवन वस्तीतल्या सरांच्या घरी येणार होते. रिवकाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्याबद्दल घरी मलिदा होता. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची. भोवती फळं मांडायची, एलियाहू नबीची आठवण काढायची, गायचं, देवाचे आभार मानायचे. हा नबी कोकणावरून रथात बसून गेला, असं त्यांची मंडळी मानतात. सरांचं म्हणणं, कोकणावरून गेला तर नागपूरवरूनही गेला असेल. इथून काय जात नाही?

मलिद्याचं गाणं सरांनी स्वतः रचलं होतं. अर्धं मराठी, अर्धं हिब्रू. सकाळी चहा पिताना ते मनातल्या मनात तेच घोळवत होते, तर रिवकाबाई म्हणाल्या, “अवं, ऐका नं. आज गाणं विहंग म्हणन. तुमी पेटी वाजवा.”

सरांच्या हातातलं टोस्ट चहात बुडलं आणि तळाला गेलं.

“काहून?”

“तुमचा गळा बसला हाय दिवाळीपासून. आन दादाले मी त्याचा आवाज पाठवला होता मोबाईलवर.”

“मग? काय म्हणाला दादा?”

“काही नाई. ‘हं’ म्हणे.”

“हं?”

“हं.”

सर चमच्याने टोस्टचा लगदा काढत बसले. लग्नापासून आजपर्यंत त्यांना हन्नोकदादांकडून ‘हं’सुद्धा मिळालं नव्हतं. आणि या पोट्ट्याला न भेटता, न जेवू घालता, मोबाईलवर ‘हं’! ‘हं’ म्हणजे ‘वा’चा धाकटा भाऊच की. आज धाकटा आला, उद्या थोरला येईल.

हा विहंग सरांचाच विद्यार्थी. हुडकेश्वरला राहणारा, नर्सिंग शिकलेला. तिकडे इस्रायलात म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायची नोकरी मिळते म्हणून हिब्रू शिकायला आला होता. सरांचा वर्गही तिथेच, एका पिठाच्या चक्कीच्या वर. दारावर पाटी होती, ‘आवासकर भाषा वर्ग’. आवास हे अलिबागजवळचं गाव, सरांचे पूर्वज तिथले. पण हुडकेश्वरात ‘आवास’ म्हटलं की एकच अर्थ, घरकुल योजना. त्यामुळे महिन्यातून चार-पाच माणसं कागदपत्रं घेऊन जिना चढत. त्यातल्या कामिनीबाई नावाच्या एक बाई अर्ज दाखवायला म्हणून आल्या, त्या दिवशी सर शिकवत होते म्हणून मागे बसल्या, आणि साहेब मोकळे व्हायची वाट पाहता पाहता बाराखडी पार करून गेल्या. आता त्या उजवीकडून डावीकडे खाडखाड वाचत. घर मात्र अजून नव्हतं.

“बोला,” आज वर्गात शिरल्या शिरल्या सर फळ्यावर लिहीत म्हणाले. “मी?”

“कोण!” वर्ग ओरडला.

“अनी?”

“मी!”

“हू?”

“तो!”

“ही?”

“ही!” वर्ग खूश. तेवढा एकच शब्द फुकटात मिळाला होता.

हिब्रूची ही गंमत सर पहिल्याच दिवशी सांगत. आपल्याकडे ‘मी’ म्हणजे मी, तिकडे ‘मी’ म्हणजे ‘कोण’. आणि आपलं ‘आणि’ तिकडे ‘अनी’ होऊन ‘मी’ बनून बसलंय. दुसरी गंमत ‘ले’ची. ठाण्या-पुण्याचा माणूस ‘मला’ म्हणतो, नागपूरचा ‘मले’. आणि हिब्रूतही ‘ला’साठी ‘ले’च. फरक एवढाच, की आपण शेपूट म्हणून मागे लावतो, ते शिंग म्हणून पुढे लावतात. आपण म्हणतो ‘मोशेले दे’, ते म्हणतात ‘ले-मोशे’. हे समजल्यापासून वर्गातल्या पोट्ट्यांची छाती फुगली होती. हिब्रू म्हणजे आपलीच वऱ्हाडी, फक्त उलट्या बाजूने चढवलेली.

“आता ‘ख’ काढा. घशातून.”

वर्गाने ‘ख’ काढला. खालच्या चक्कीवाल्याने वर पाहून विचारलं, कोणाले बरं नाही का. पण विहंगचा ‘ख’ निघाला तेव्हा सरांचेच कान टवकारले. काय ‘ख’ होता! गोल, खोल, कोरडा. पोट्ट्याच्या घशात जन्मतःच वाळवंट होतं. सरांना हा ‘ख’ कमवायला तरुणपण घालवावं लागलं होतं, आणि हे बेटं रोज सावजीचा रस्सा पिऊन असा ‘ख’ काढते!

“बरा आहे,” सर म्हणाले. “थोडा अजून.”

“कुठं कमी पडला सर?” विहंगने वही उघडली.

“ते ऐकून समजते. सांगून नाही समजत.”

कामिनीबाई मागून म्हणाल्या, “मले तर चांगला वाटला बाप्पा.”

“तुमचं घरकुल मंजूर झालं का?” सरांनी विचारलं, आणि विषय बंद केला.

दुपारी रेकॉर्डिंग होतं. आपल्या मंडळींत जुनी मराठी कीर्तनं म्हणायची पद्धत होती, ती मरू नये म्हणून सरांनी एक प्रकल्प हाती घेतला होता. नवी-जुनी गाणी जमवायची, आपल्या आवाजात भरून ठेवायची. ‘आपल्या’ म्हणजे स्वतःच्या. स्टुडिओ जरीपटक्यात, साड्यांच्या दुकानाच्या वर. मालकाला सगळे भैय्याजी म्हणत. भैय्याजींकडे जगराते, डीजे, प्रचाराची गाणी असं सगळं भरलं जाई. यहुदी कीर्तन त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं, पण आल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

सरांची स्कूटर सकाळीच रुसली होती, म्हणून हुडकेश्वरपासून जरीपटक्यापर्यंत, म्हणजे शहराच्या शेपटापासून शेंडीपर्यंत, ते विहंगच्या गाडीवर मागे बसून गेले. हाही एक अपमानच. गुरू मागे, शिष्य पुढे, आणि शिष्य प्रत्येक सिग्नलला गातोय. एका सिग्नलवर तर शेजारच्या ऑटोतल्या बाईने मान बाहेर काढून ऐकलं. सर तिच्याकडे पाहून हसले. ती म्हणाली, “काका, जरा सरका नं, पोरगा दिसून नाई राहिला.”

स्टुडिओत सरांनी आधी गाणं म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. काचेपलीकडून भैय्याजींनी अंगठा दाखवला, मग तोच अंगठा हनुवटीला लावून विचारात पडले.

“सर, बुरा मत मानो. आवाज बढिया है. बस, सूर बीच-बीच में टहलने चला जाता है.”

“तो भाव आहे.”

“भाव है, भाव है. पर भाव को वापस घर भी आना चाहिये ना.”

मग पाठीमागच्या कोरसची एक ओळ विहंगने भरायची होती. एकच ओळ. ‘गोडाचं ताट मांडिलं आम्ही ले-एलियाहू.’ त्याने ती म्हटली, आणि भैय्याजींनी कानावरचे हेडफोन काढून गळ्यात टाकले आणि उभे राहिले. सर भैय्याजींना इतक्या दिवसांपासून ओळखत होते. ते फक्त लाईट गेल्यावर उभे राहत.

“कमाल हो गया! सर, ऐसा करते हैं. इसको आगे रखते हैं. आप पीछे से हूं-हूं करो.”

“हू-हू?”

“हां, धीमे-धीमे. हूं... हूं...”

हिब्रूत ‘हू’ म्हणजे ‘तो’. म्हणजे सरांनी आपल्याच गाण्यात, आपल्याच प्रकल्पात, मागे अंधारात उभं राहून ‘तो... तो...’ करायचं होतं. आणि पुढे तो उभा. सरांनी केलं. अगदी सुरात केलं. भैय्याजी म्हणाले, “ये देखो, ये जमा!” त्या बोलण्याने तर सरांच्या पोटात तिखटाचा डबाच सांडला.

परत निघताना उन्हं कलायला लागली होती. हिवाळ्याचा दिवस, पटकन आवरतो. सूर्य मावळायच्या आत मलिदा उरकून पेटी बंद करायला पाहिजे होती; एकदा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विसाव्याचा, दिवा लागला की वाजवणं-बिजवणं बंद. विहंग गाडी दामटत होता. आणि दामटता दामटता त्याने मान थोडी वळवून विचारलं, “सर, एक डाऊट हाय. ते ‘ले-एलियाहू’ म्हणतो नं मी, तवा मले अर्धवट वाटते. जिभेले सवय हाय नं मागून ‘ले’ लावायची. चुकून ‘ले-एलियाहूले’ झालं तर?”

सरांना उत्तर माहीत होतं. ‘नाही, चालणार नाही, एकच लावायचा,’ एवढं म्हणायचं होतं. कोणत्याही दिवशी त्यांनी तेच म्हटलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे हन्नोकदादा आले. ‘ले’ म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते ते हन्नोकदादा. एक ‘ले’ हिब्रू म्हणून चालून गेला असता. पण दोन? पुढून एक, मागून एक? भर मलिद्यात, नबीच्या नावाला? दादा गाणं अर्ध्यात थांबवतील. त्यांचं ते ‘हं’ परत घेतील. मोबाईलमधलं रेकॉर्डिंगही पुसतील.

“लाव नं मग,” सरांच्या तोंडून निघालं.

“दोन्ही?”

“दोन्ही. जुनी पद्धत आहे ती. माझे आजोबा असंच म्हणत.”

“वा सर!” विहंग इतक्या मनापासून म्हणाला, की सरांना हेल्मेटच्या आत घाम फुटला. दुसरी गोष्ट म्हणजे हा ‘वा’ चुकीच्या माणसाकडून आला होता. तो धरला जात नाही.

घरी पोचले तर दारात शेजारच्या वच्छलाकाकू उभ्या, चौकटीवरची मेझुझा दाबून राहिल्या होत्या. मेझुझा म्हणजे चौकटीला ठोकलेली छोटी नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. वच्छलाकाकूंना मात्र कितीदा सांगूनही ती बेलच वाटे.

“वाजतच नाई तुमचं हे बटण, येझराभाऊ. मिस्त्री बोलवा एखादा,” त्या म्हणाल्या, आणि मग अभिमानाने, “आत जा, सरप्राईज हाय.”

आत रिवकाबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. समोर मोठी परात. परातीत पिवळेधमक, मोहरी-कांदा-मिरचीची फोडणी दिलेले पोहे, वरून कोथिंबीर. शेजारी पातेलंभर तर्री, लालबुंद, वर हरभरे तरंगत असलेली.

“मी फुलं आणाले गेली होती,” रिवकाबाई हळूच म्हणाल्या. “मलिद्याचे पोहे भिजवून ठेवले होते. ही आली.”

“मंग?” वच्छलाकाकू म्हणाल्या. “बिचारीचा गुडघा तसा, घरी पाव्हणा येऊन राहिला, आन पोहे भिजून पडलेले. म्हटलं आपण टाकून देऊ फोडणी. माझ्या घरची तर्री बी आणली. काहून वं रेवका, मीठ जास्त झालं का?”

तिला तरी दोष कसा द्यायचा? नागपूरचा माणूस भिजलेल्या पोह्यांपुढे हात बांधून बसला, असं अजून घडलेलं नाही. शेवटी काकूंनीच धावत जाऊन घरचे कोरडे पोहे आणले, रिवकाबाईंनी ते भिजवले, विहंगने नारळ खवला, सरांनी गूळ किसताना अंगठा किसला, आणि मलिद्याचं ताट कसंबसं उभं राहिलं. त्याच वेळी खाली ऑटो थांबली.

हन्नोकदादा आले. दारात थांबून त्यांनी मेझुझेला हात लावून बोटं ओठांना लावली.

“ते बटण बंद हाय बाप्पा,” काकू आतून म्हणाल्या. “मी रोज दाबते.”

दादांची एक खोड होती. शुक्रवारची संध्याकाळ जवळ आली, की ते शक्यतो हिब्रूतच बोलत. त्यांचं म्हणणं, शब्बाथ पाहुणा आहे, पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलावं. त्यामुळे आल्या आल्या त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, सरांकडे पाहून मान हलवली, विहंगकडे पाहून जरा जास्त हलवली (सरांनी दोन्ही मानांची तुलना केली), टोपी नीट केली आणि बसले. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत होतं. वेळ नव्हता.

सरांनी पेटी पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा हन्नोकदादांसमोर ते निवांत होते. आज ते परीक्षा द्यायला नाही, पाहायला बसले होते. त्यांनी सूर दिला. विहंगने डोळे मिटले.

आणि गायला लागला, तर खोलीच बदलली. वच्छलाकाकूंनी डोक्यावर पदर घेतला. कोणता देव हाय ते त्यांना माहीत नव्हतं, पण हाय हे नक्की होतं. रिवकाबाई गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या, डोळे भरलेले. सरांचं गाणं होतं, शब्द न् शब्द त्यांचा. आणि ते स्वतः गायले असते तर इतकं चांगलं वाटलं नसतं, हेही त्यांना कळत होतं. त्यानेच तर जास्त आग होत होती. ‘ये आता त्या ओळीवर,’ ते पेटीचा भाता हलवत मनात म्हणत होते. ‘ये बाबू, ये.’

ओळ आली.

“गोडाचं ताट मांडिलं आम्ही... ले-एलियाहूले!”

पुढून ले, मागून ले. स्वच्छ, ठणठणीत, तार सप्तकात. पोट्ट्याने त्यावर एक तानही मारली.

हन्नोकदादांचे डोळे फाटकन उघडले.

गाणं संपलं. सर वाट पाहून राहिले. दादांनी “जेवायला काय आहे” असं विचारलं नाही. ते सरळ बसले, एक बोट वर केलं, आणि जड आवाजात म्हणाले, “मी?”

वच्छलाकाकूंनी वळून मागे पाहिलं.

“मी हमोरे?” दादा पुन्हा म्हणाले.

‘हमोरे’ म्हणजे शिक्षक. ‘मी हमोरे’ म्हणजे शिक्षक कोण? कोणी शिकवलं हे?

आणि तेव्हा, पेटीवर दोन्ही हात ठेवलेले असताना, एझ्रासरांच्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर त्यांनी खड्डा कसा खणायचा एवढाच विचार केला होता. पोट्टं त्यात पडल्यावर लोक खणणाऱ्याचं नाव विचारतील, हे डोक्यातच आलं नव्हतं. विद्यार्थी चुकला की बदनाम मास्तर होतो. शिकवण्यात जन्म गेला आणि एवढी साधी गोष्ट विसरले! दुसरा ‘ले’ विहंगला नव्हता लागला. तो जाऊन, वळसा घालून, बरोब्बर सरांच्याच मानगुटीवर येऊन बसला होता. लग्नातल्या मांडवापासून तोच ‘ले’.

“मी नाही,” सर पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत पुटपुटले. “कोणाले माहीत. कुठून शिकून आला तो.”

रिवकाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

विहंगनेही पाहिलं. सरांचा चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. पोट्टं नर्सिंग शिकलेलं; माणूस कुठे दुखून राहिला ते त्याला दिसत असे, काहून ते दिसलं नाही तरी. काहीतरी चुकलंय आणि सर अडचणीत आहेत, एवढं त्याला उमगलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि हिब्रूत, सरांनी शिकवल्याप्रमाणे, म्हणाला, “अनी.” म्हणजे मी. माझं मीच शिकलो.

“आनी?” वच्छलाकाकू म्हणाल्या. “आनी काय? बोल नं पुढे.”

हन्नोकदादांनी चष्मा काढला. चष्मा पुसला. आणि मग पाहुण्याची भाषा सोडून चक्क मराठीत आले.

“आमच्याकडे नबीला पुढून हाक मारतात. ‘ले’ पुढे लावतात. हाक मारली, झालं, तो येतो आणि जातो. तू त्याला पुढूनही धरलंस आणि मागूनही धरलंस रे! आता जाईल कसा तो? मी इतकी वर्षं या नागपुरी ‘ले’ला हसत आलो...” ते थांबले. त्यांनी हात उचलला, मांडीवर मारला. “वा!”

तो आला. एझ्रासरांच्या डोळ्यांदेखत आला. गोल, भरदार, दाणेदार ‘वा’. खोलीभर फिरला, पेटीवरून गेला, आणि हुडकेश्वरच्या पोट्ट्याच्या मांडीवर जाऊन बसला.

“मी!” सर ओरडले.

“काय?” दादा वळले.

“मी, दादा! मी!”

“मीही तेच विचारलं मघाशी. मी?”

“मी! मीच!”

“अरे पण मी?”

“मी म्हणून राहिलो नं!”

“एझ्रा,” हन्नोकदादा शांतपणे म्हणाले, “उत्तर मिळालंय मला. तू काहून प्रश्नच विचारून राहिलास?” इतक्या वर्षांत दादांच्या तोंडून पहिल्यांदाच ‘काहून’ निघालं, आणि तेही सरांना गप्प करण्यासाठी.

सर तोंड उघडणार, म्हणजे ‘अनी’ म्हणणार, सगळं सांगणार, दोन्ही ‘ले’ माझे होते म्हणणार, तेवढ्यात रिवकाबाई उठल्या. “पेटी बंद करा. ऊन गेलं.”

पेटी बंद झाली. मलिद्याची घाईघाईने प्रार्थना झाली. रिवकाबाईंनी काचेच्या पेल्यातल्या तेलात वात सोडली, दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. दिवा लागल्यावर घरात भांडण नाही, वाद नाही, हिशेब नाही. सगळे एकमेकांना “शब्बाथ शालोम” म्हणाले. सरांनी विहंगलाही म्हटलं. म्हणावंच लागतं.

मग काळ्या मनुकांचं सरबत फिरलं, मलिदा वाटला गेला. हन्नोकदादांचं लक्ष कोपऱ्यातल्या परातीकडे गेलं. “आणि हे काय?”

“ते चुकून...” रिवकाबाई म्हणाल्या.

“चुकून कायचं? पोहे होत, तर्रीपोहे,” म्हणत काकूंनी बशी भरून वर तर्रीचा डाव ओतला. दादांनी एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घेतला. नाक वाहिलं. तिसरा घेतला.

“वा,” ते म्हणाले. आणि रुमालाने कपाळ पुसून पुन्हा, “वा, वा.”

सर भिंतीला टेकले. पोट्ट्याला एक. हरभऱ्याच्या रश्श्याला तीन.

जाताना विहंग दारात थांबला, मेझुझेला हात लावला (बरोबर लावला, जिथे लावायचा तिथेच), आणि हळूच म्हणाला, “सर, मी सांगू का दादांले, का ते तुमीच शिकवलं म्हणून? मले वाटलं ते रागावले, म्हणून म्या माझ्या अंगावर घेतलं.”

आता काय म्हणणार? सांग म्हटलं तर पोट्टं खरंच सगळं सांगेल, आजोबांच्या जुन्या पद्धतीसकट.

“राहू दे,” सर म्हणाले. आणि मग, घशात अडकलेलं काही काढावं तसं, “तुझा ‘ख’ चांगला आहे. सकाळीच चांगला होता.”

विहंग खूश होऊन जिना उतरला. अर्ध्या जिन्यातून त्याचं गाणं पुन्हा वर आलं, दोन्ही ‘ले’ लावून.

स्वयंपाकघरात रिवकाबाई बशा एकावर एक ठेवत होत्या. “दोन ‘ले’ लावायची जुनी पद्धत,” त्या मागे न पाहता म्हणाल्या. “विहंगनं सांगितलं मले, नारळ खवता खवता. तुमचे आजोबा म्हणत म्हणे.”

सर फडकं शोधायला लागले.

“तुमचे आजोबा कदी गायले हो? ते तर रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकत होते.”

“टाकत होते...”

“तुमी अजून टाकूनच राहिले.”

बाहेर हन्नोकदादा काकूंना तर्रीत काय काय पडतं ते विचारत होते. सरांनी एक बशी उचलली, पुसल्यासारखी केली. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

“रिवका, थांब. हिब्रूत ‘आणि’ कसं म्हणतात? शब्दाच्या आधी ‘वे’ लावतात, कुठे कुठे ‘वा’ होतो. म्हणजे ‘वा’ म्हणजे आणि. बरोबर? आणि ‘अनी’ म्हणजे मी. म्हणजे दादा ‘वा’ म्हणाले, तो गेला ‘आणि’वर, आणि ‘आणि’ म्हणजे मी! म्हणजे तो ‘वा’ फिरून मलेच लागला नं?”

रिवकाबाईंनी शेवटची बशी ठेवली. आयुष्यभर या माणसाच्या घरात राहून त्यांनाही थोडी हिब्रू येत होती.

“आन ‘मी’ म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“कोण,” सर वर्गातल्या सवयीने म्हणून गेले.

“घ्या,” रिवकाबाईंनी तर्रीपोह्यांची बशी पुढे केली. “थंड होऊन राहिले.”

सरांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. तर्री खरंच फर्मास झाली होती, पण काही झालं तरी ते ‘वा’ म्हणणार नव्हते.

“जेवायला काय आहे?” त्यांनी विचारलं.